कंदिलापाशी कोण जागे होते? गिरणगावातील स्वाध्याय आणि पडद्यावरची शाळा

२०२१ च्या उन्हाळ्यात अकरावीच्या मूल्यमापनाचे तक्ते भरताना ‘शेरा’ ह्या रकान्यात आम्ही दोघांनीही एक वाक्य पुनःपुन्हा लिहिले : ‘स्वयंप्रेरणेचा अभाव.’ वर्षभर ज्यांची नावे पडद्यावरच्या काळ्या चौकटींत दिसत राहिली, हजेरीला ज्यांनी ‘येस सर’ म्हटले आणि प्रश्न विचारताच जे गप्प झाले, अशा मुलामुलींसाठी तो शेरा होता. लिहिताना आमचे काही चुकते आहे असे आम्हांला वाटले नाही. पुढे वर्ग प्रत्यक्ष भरू लागले. त्या काळ्या चौकटींपैकी काही जण पहिल्या-दुसऱ्या बाकावर येऊन बसू लागले, वह्या वेळेवर देऊ लागले, तास संपल्यावर थांबून शंका विचारू लागले. तेव्हा प्रश्न पडला, की ज्या प्रेरणेच्या अभावाची नोंद आम्ही इतक्या खात्रीने केली होती, ती दीड वर्ष कोठे होती?

आम्हा दोघांपैकी एकाचे बालपण गिरगावच्या चाळीत गेले, दुसऱ्याचे लालबागच्या. आज आम्ही ज्यांना शिकवतो त्यांतली बरीच मुले परळ, लालबाग, नायगाव, डिलाइल रोड ह्याच पट्ट्यातून येतात. म्हणून ह्या प्रश्नाचे उत्तर प्रथम ह्या वस्तीच्या इतिहासात शोधावे असे ठरवले. एकट्याने, शिक्षकाच्या नजरेआड, स्वतःच्या हिमतीवर शिकणे ही गोष्ट मुंबईच्या ह्या भागाला २०२० मध्ये प्रथम भेटलेली नाही. शंभराहून अधिक वर्षे येथील माणसे तशी शिकत आली आहेत. ती कशी शिकली, हे नीट पाहिले तर आमचा शेरा कोठे चुकला ते कळेल.

*

आरंभी भाषेकडे पाहू. शिक्षणशास्त्रातील ‘स्वयंप्रेरणा’ आणि ‘आत्मनियमन’ हे शब्द आपल्याकडे अलीकडचे आहेत. घराघरांतली मराठी मात्र ह्या विषयाबद्दल फार पूर्वीपासून बोलत आली आहे. मूल अभ्यासाला ‘बसते’. बसायचे तर जागा हवी. त्याला अभ्यासाला ‘बसवावे’ लागते, म्हणजे बसवणारे कोणी तरी हवे. आई मुलाचा अभ्यास ‘घेते’. आणि लक्ष ‘लागते’. ते लावावे लागते हे खरे, पण लागते की नाही हे सर्वस्वी आपल्या हाती नसते, एवढी जाण त्या अकर्मक क्रियापदात आहे. अभ्यास ही एकट्या माणसाची क्रिया आहे असे आपली बोली सहसा मानत नाही. स्वयंशिक्षणाचा आपला आदिपुरुष जो एकलव्य, त्यालाही अरण्यात समोर मातीचा का होईना, गुरू उभा करावा लागला होता.

*

परळमधील स्वाध्यायाची सर्वांत प्रसिद्ध कथा डॉ. आंबेडकरांची आहे, आणि ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. १९०४ च्या सुमारास सुभेदार रामजी सकपाळ आपले कुटुंब घेऊन मुंबईला आले आणि परळच्या कामगारवस्तीत एका खोलीत राहू लागले. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जात असत. धनंजय कीर ह्यांनी लिहिलेल्या चरित्रात त्या खोलीचे वर्णन आहे : संसाराचे सामान, चुलीचा धूर, उशाशी जाते आणि पायाशी शेळी. अशा खोलीत संध्याकाळी अभ्यास होणे शक्य नव्हते. म्हणून मुलाने लवकर झोपावे आणि रात्री दोन वाजता उठावे असे ठरले. त्या वेळेपर्यंत वडील जागे राहत, दोन वाजता मुलाला उठवत आणि मग स्वतः आडवे होत. मुलगा दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत वाचत बसे. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला.

भाषणांत आणि पाठ्यपुस्तकांत ह्या प्रसंगाचे तात्पर्य ‘जिद्द’ असे निघते. ती होतीच. परंतु प्रसंगाची रचना पाहिली तर तेथे माणसे दोन आहेत. दोन वाजता उठणाऱ्या मुलाच्या नियमितपणाला दोन वाजेपर्यंत न झोपणाऱ्या बापाच्या नियमितपणाचा आधार आहे. एका खोलीत जागा वाटता येत नव्हती, म्हणून त्या दोघांनी वेळ वाटून घेतली. मुलाला पुस्तक हवे असले आणि हाती पैसा नसला, तर रामजींनी विवाहित मुलींचे दागिने गहाण ठेवल्याचेही कीरांनी नोंदवले आहे. म्हणजे बहिणीही ह्या कथेत आहेत. पुढे हे कुटुंब परळच्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत समोरासमोरच्या दोन खोल्यांत राहायला गेले, आणि त्यांतली एक खोली अभ्यासाची झाली.

कथेचा दुसरा अर्धा भाग गिरगावच्या टोकाला, चर्नी रोडच्या बागेत घडतो. आज ती बाग स. का. पाटील उद्यान म्हणून ओळखली जाते. घरी जागा नाही म्हणून भीमराव शाळा सुटल्यावर तेथे वाचत बसत. विल्सन हायस्कुलातले शिक्षक आणि ग्रंथकार कृष्णराव अर्जुन केळुसकर हेही त्याच बागेत वाचायला येत. रोज वाचणारा हा मुलगा त्यांच्या नजरेस पडला, त्यांनी चौकशी केली आणि त्याला पुस्तके देऊ लागले. मॅट्रिक झाल्यावर सीताराम केशव बोले ह्यांच्या अध्यक्षतेखाली जो सत्कार झाला, त्यात केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र ह्या विद्यार्थ्याला भेट दिले. महाविद्यालयीन शिक्षणासाठी सयाजीराव गायकवाडांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, तीही केळुसकरांच्या खटपटीने.

येथे बाग महत्त्वाची आहे. ज्या शिक्षकाच्या शाळेत हा मुलगा नव्हता, त्या शिक्षकाला तो दिसू शकला, कारण तो उघड्यावर वाचत होता. वाचणाऱ्याला कोणी तरी पाहणे, आणि आपल्याला कोणी तरी पाहते आहे हे वाचणाऱ्याला कळणे, ह्या गोष्टीचे मोल पुढच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

*

आंबेडकरांचे उदाहरण असामान्य म्हणून बाजूला ठेवले, तरी सामान्य गिरणीकामगारांच्या शिक्षणाचा इतिहास हेच सांगतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी पुण्यात १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. मुंबईत प्रार्थना समाजाने १८७० च्या दशकात रात्रशाळा सुरू केल्या. विठ्ठल रामजी शिंदे ह्यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनची पहिली शाळा १९०६ मध्ये परळला निघाली. १९११ मध्ये ना. म. जोशी ह्यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, आणि लीगच्या रात्रशाळा व फिरती वाचनालये गिरणगावात काम करू लागली. डिलाइल रोडला आज ज्यांचे नाव आहे ते हेच जोशी.

पण दिवसभर गिरणीत उभ्या असलेल्या माणसाने रात्री पाटी कधी धरायची? ह्या प्रश्नाचे उत्तर शाळांइतकेच कायद्यांतही सापडते. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषाचा कामाचा दिवस १२ तासांवर आणला. १९२२ मध्ये तो ११ तास आणि आठवड्याला ६० तास झाला, १९३४ मध्ये १० तास आणि ५४ तास, आणि १९४८ च्या कायद्याने ९ तास आणि ४८ तास. आज जी मुले माध्यमिक शाळेत असतात त्या वयाच्या मुलांबद्दलही ह्या कायद्यांत तरतुदी होत्या. १९२२ मध्ये कारखान्यात घेण्याचे किमान वय १२ ठरले, आणि १२ ते १५ वयाच्या मुलांना सहा तासांहून अधिक राबवता येणार नाही असे ठरले. स्वतःच्या वेळेचे नियमन करायचे तर मुळात काही वेळ स्वतःचा असावा लागतो. तो वेळ कामगारांनी संघटना करून, संप करून, कायदे करवून मिळवला. कामगाराच्या आत्मनियमनाच्या आधी मालकाचे नियमन व्हावे लागले.

रात्रशाळेतला विद्यार्थी हा स्वयंप्रेरणेचा आदर्श मानला जातो. दिवसा गिरणीत, दुकानात, खानावळीत किंवा कुरियरवाल्याकडे काम, संध्याकाळी साधारण तीन तास शाळा, आणि अखेरीस दिवसाच्या शाळेतल्या मुलांना जो दहावीचा बोर्डाचा पेपर तोच पेपर. तरीही रात्रशाळेची ताकद केवळ ह्या विद्यार्थ्याच्या मनोबलात नव्हती. त्याच्यासारखीच थकलेली आणखी तीसचाळीस माणसे त्याच वेळी त्याच वर्गात येऊन बसत होती, ह्यात ती होती. कित्येक वर्षे तेथे शिकवणारे शिक्षकही दिवसा दुसऱ्या शाळेत शिकवून संध्याकाळी येत. २०१७ च्या शासननिर्णयाने ही दुबार नोकरी बंद केली. पण ज्या काळात ती पद्धत होती, त्या काळात जांभई आवरणारा विद्यार्थी आणि जांभई आवरणारा शिक्षक एकमेकांसमोर उभे असत. ह्याउलट ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून बाहेरून दहावीला बसणारा विद्यार्थी पाहा. परीक्षेचा दरवाजा त्यालाही उघडा आहे, पण रोज संध्याकाळी त्याची वाट पाहणारे कोणी नाही. गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंच घेऊन बसणाऱ्या अशा किती तरी मुलांचा फॉर्म भरलेला राहिला आणि अभ्यास राहून गेला, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे.

गिरणगावाने मराठी साहित्याला दिलेले दोन मोठे स्वयंशिक्षितही ह्याच वाटेने आले. अण्णाभाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस गेले असे सांगितले जाते. अक्षरे त्यांनी मुंबईतल्या पाट्यांवरून आणि जाहिरातींवरून गिरवली. परंतु त्या अक्षरांचे वाचन झाले ते कामगार चळवळीच्या आणि कम्युनिस्ट कार्यकर्त्यांच्या सहवासात. नारायण सुर्वे महापालिकेच्या शाळेत शिपाई होते, सातवीची परीक्षा देऊन ते शिक्षक झाले. १९६६ च्या आपल्या संग्रहाला त्यांनी ‘माझे विद्यापीठ’ हे नाव दिले. त्या विद्यापीठाला भिंती नव्हत्या, पण रस्ता, युनियन, मोर्चा आणि सोबती होते. ‘स्वयंशिक्षित’ ह्या शब्दातला ‘स्वयं’ आपण फार शब्दशः घेतो, असे ह्या दोघांकडे पाहून वाटते.

*

चाळीतल्या अभ्यासाची घडी ज्यांवर बसली होती त्या गोष्टी आज साध्या वाटतात. पहिली गोष्ट गिरणीचा भोंगा. पहिल्या पाळीच्या भोंग्याने बाप उठे, डब्यासाठी आई त्याच्याही आधी उठलेली असे, आणि ह्या हालचालीत जागे झालेले मूल पुस्तक घेऊन बसे. मुलाला गजराच्या घड्याळाची गरज नव्हती. सबंध वस्तीलाच एक घड्याळ होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर एकेका गिरणीचा भोंगा कायमचा थांबत गेला. लालबागला वाढलेल्या आमच्यापैकी एकाला हे आठवते, की संपानंतर घरातली माणसे दिवसाही घरी असत, खोली पूर्वीपेक्षा भरलेली असे, आणि अभ्यासाची वेळ अशी कुठलीच राहिली नव्हती.

दुसरी गोष्ट खोलीबाहेरची जागा. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून अशा २०७ इमारती, आणि एका इमारतीत ८० खोल्या. तेथे अभ्यास होई तो गॅलरीत, जिन्यात, गच्चीवर, मंडळाच्या अभ्यासिकेत. वरळीत सुदाम काळू अहिरे मार्ग नावाचा एक शांत रस्ता आहे. नकाशावरच्या ह्या नावापेक्षा ‘अभ्यास गल्ली’ ह्या नावाने तो अधिक ओळखला जातो. बीडीडी चाळींतल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांनी तेथे रस्त्यावरच्या दिव्याखाली परीक्षांची तयारी केली. अलीकडे महापालिकेने तेथे बसायची सोय केली आणि रस्ता सजवला. ती गल्ली सजावटीआधीपासून चालत आली, ती केवळ दिव्यांमुळे नव्हे. दिवे इतर रस्त्यांवरही होते. येथे शेजारच्या दिव्याखाली दुसरा कोणी तरी वाचत बसलेला दिसे, आणि तो उठेपर्यंत आपण उठू नये असे वाटे. गिरगावच्या आमच्या चाळीत दहावीच्या वर्षी आम्ही चौघे गॅलरीत बसत असू. आपसांत फारसे बोलणे होत नसे. समोरच्या बिऱ्हाडातले आजोबा रात्री दार लावताना ‘अजून बसलाय का रे?’ एवढेच विचारत. त्या प्रश्नासाठी आम्ही आणखी अर्धा तास बसत होतो, हे आज कबूल करायला हरकत नाही.

ह्या इतिहासात एक मोठी उणीव आहे, आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. रामजींसारखे जागणारे बाप बहुधा मुलग्यांसाठी जागले. गच्ची, जिना आणि रस्त्यावरचा दिवा ह्या रात्रीच्या जागा मुलींसाठी जवळपास बंदच होत्या. न्यायमूर्ती रानडे आपल्या पत्नीला रात्री स्वतः शिकवत असत, आणि त्यासाठी घरातल्या बायकांचे टोमणे रमाबाईंना सोसावे लागत, हे रमाबाईंनीच १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. शिकवणारा नवरा आणि स्वतंत्र खोली असूनही ही स्थिती होती. एका खोलीतल्या मुलीचा अभ्यास भांडी घासून झाल्यावर सुरू होई आणि पाळण्यातले भावंड रडले की संपे. तिच्या नियमनाला कोणाचा आधार होता, हा प्रश्न आपल्या चरित्रवाङ्मयाने पुरेसा विचारलेला नाही.

*

आता पुन्हा २०२० कडे येऊ. त्या वर्षीच्या दहावीचा २३ मार्चचा भूगोलाचा पेपर आधी लांबणीवर पडला आणि नंतर रद्दच झाला. लोकल थांबली. जूनमध्ये नवे शैक्षणिक वर्ष पडद्यावर सुरू झाले. केंद्र सरकारच्या जुलै २०२० मधील ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक तत्त्वांनी नववी ते बारावीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची जास्तीत जास्त चार सत्रे सुचवली. म्हणजे दिवसातले फार तर तीन तास शिक्षकासमोर, आणि बाकीचा दिवस विद्यार्थ्याच्या स्वाधीन. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग प्रत्यक्ष भरू लागले ते ४ ऑक्टोबर २०२१ ला. दरम्यान २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली. नववीचे ५० गुण, दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकांचे २० ह्या हिशेबाने लावलेला निकाल ९९.९५ टक्के लागला. ज्या परीक्षेसाठी मुलांनी स्वतःला बांधून घ्यावे असे आपण सांगत होतो, ती परीक्षाच झाली नाही.

ह्या दीड वर्षात ‘स्वतःहून अभ्यास करा’ हा उपदेश जितका झाला तितका पूर्वी कधी झाला नसेल. आणि त्याच दीड वर्षात, स्वतःहून अभ्यास करण्याला आजवर ज्यांचा आधार होता त्या गोष्टी एकेक करून काढून घेतल्या गेल्या. वाचनालये महिनोन्महिने बंद होती. अभ्यासिकांना कुलूप होते. गच्चीवर आणि रस्त्यावर जमायला मनाई होती. जी घरे मुळातच भरलेली होती, त्यांत आता बाप, आई, भावंडे आणि दूरदर्शन संच दिवसभर एकत्र होते. फोन बहुधा एक, आणि तो वडिलांचा. ते कामावर गेले की शाळाही त्यांच्या खिशातून कामावर जाई. आमच्या वर्गातला एक मुलगा रोज रात्री साडेदहानंतर दिवसाच्या सगळ्या तासांचे ध्वनिमुद्रण ऐकत असे. त्याची हजेरी आमच्याकडे शून्य होती.

कॅमेऱ्याबद्दलही आमची समजूत चुकली. मुले कॅमेरा बंद ठेवतात म्हणजे लक्ष देत नाहीत, असे आम्ही धरून चाललो. चर्नी रोडच्या बागेत किंवा अभ्यास गल्लीत जे दिसते ते वाचणारे मूल. फोनच्या कॅमेऱ्यात मुलाच्या मागची मोरी दिसते, दोरीवरचे कपडे दिसतात, पलंगावर झोपलेले आजारी आजोबा दिसतात. केळुसकरांच्या नजरेत ओळख होती. ह्या नजरेत उघडे पडण्याची भीती होती. ज्या मुलांना आपला अभ्यास दाखवायचा होता आणि घर दाखवायचे नव्हते, त्यांच्यापुढे चौकट काळी करण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

शिक्षणशास्त्रातले संशोधन ह्याहून वेगळे सांगत नाही. बॅरी झिमरमन ह्यांनी स्वनियंत्रित अध्ययनाचे तीन टप्पे मांडले : आधी योजना, मग प्रत्यक्ष काम आणि त्यावर लक्ष, शेवटी स्वतःची तपासणी. हे टप्पे शिकवावे लागतात. डेसी आणि रायन ह्यांच्या सिद्धांतात अंतःप्रेरणेला तीन गोष्टी लागतात : स्वायत्तता, आपल्याला जमते आहे ही जाणीव आणि आपलेपणाचे नाते. पडद्यावरच्या शाळेने पहिली गोष्ट एकदम आणि न मागता दिली, दुसरी अर्धवट दिली आणि तिसरी जवळपास काढून घेतली. वायगॉट्स्की तर म्हणत असत, की माणसाची प्रत्येक उच्च मानसिक शक्ती आधी दोन माणसांमध्ये असते, नंतर एकाच्या आत जाते. रामजींनी रात्री दोन वाजता मारलेली हाक पुढे मुलाच्या आत गेली; कोलंबियात आणि लंडनमध्ये त्याला उठवायला कोणी नव्हते आणि कोणी लागलेही नाही. पण आधी ती हाक बाहेरून यावी लागली.

काही मुले त्या काळातही नीट शिकली. त्यांच्याशी नंतर बोलताना आम्हांला जे आढळले त्याची आकडेवारी आमच्याकडे नाही. पण बहुतेकांच्या बोलण्यात कोणी तरी दुसरे माणूस होते. तिघी मैत्रिणी रोज फोन चालू ठेवून, न बोलता, आपापले वाचत बसत. एका मुलाचा दादा कामावर जाताना त्याला चार गणिते नेमून देई आणि रात्री वही मागे. म्हणजे ह्या मुलांनी गॅलरी आणि रात्रशाळा आपल्यापुरती पुन्हा बांधली होती. ज्यांना बांधता आली नाही, त्यांच्या नावापुढे आम्ही शेरा लिहिला.

*

२०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या काही कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तेथल्या मुलांना कदाचित स्वतःचे टेबल मिळेल, ते मिळावेच. मात्र गॅलरी तेथे नसेल, आणि दार लावताना ‘अजून बसलाय का रे?’ असे विचारणारे शेजारचे आजोबाही कदाचित नसतील. शिकवणीचे ॲप आता प्रत्येक फोनमध्ये आहे. पुढची टाळेबंदी आली नाही तरी एकट्याने पडद्यासमोर बसून शिकण्याचे प्रमाण वाढतच जाणार आहे. त्या वेळी जबाबदारी कोणाची, हा प्रश्न ‘स्वयंप्रेरणा’ ह्या एका शब्दाने मिटवता येणार नाही.

आम्ही तो शेरा लिहिणे बंद केले आहे. त्याऐवजी आता वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात अकरावीच्या वर्गाला अर्धे पान लिहायला देतो : ‘तुम्ही अभ्यासाला कोठे आणि कधी बसता, आणि त्या वेळी जवळपास कोण असते?’ शुद्धलेखन तपासत नाही. गेल्या वर्षी परळहून येणाऱ्या एका मुलीने लिहिले होते, की आई चार वाजता उठून दहा घरचे डबे करते, तेव्हा ओट्याच्या खाली बसून मी वाचते. ती माझ्याशी बोलत नाही, पण माझी मान खाली गेली की भांडे जरा जोरात ठेवते.